राइट क्लिकचं औचित्य

विंडोज ९५ मध्ये एखाद्या फाइलवर माउसचं उजवं बटण दाबलं की पडद्यावर उमटणारा मजकूर असा होता: ओपन. खाली एक आडवी रेघ. सेंड टू. रेघ. कट, कॉपी. रेघ. क्रिएट शॉर्टकट, डिलीट, रिनेम. रेघ. प्रॉपर्टीज. फाइलच्या प्रकारानुसार एखाददुसरी ओळ वाढायची, पण मूळ संहिता एवढीच: आठ ओळी, पाच कडवी. २४ ऑगस्ट १९९५ रोजी ही प्रणाली बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत जगभरच्या कोट्यवधी हातांना ही संहिता पाठ झाली. आपल्याकडे सायबर कॅफेत, एमएस-सीआयटीच्या वर्गात, डीटीपीच्या दुकानात माउस धरायला शिकलेल्या प्रत्येकाला ‘राइट क्लिक कर’ हे सुरुवातीलाच ऐकायला मिळालं. एवढ्यांदा डोळ्यांखालून गेलेला मजकूर, पण मजकूर म्हणून तो कुणी वाचत नाही. मला तो तसा वाचायचा आहे. त्यात रचना आहे, विराम आहेत, शब्दांची निवड आहे. आणि तो कसा बिघडला आणि कसा दुरुस्त होत गेला, ही हकिगत चांगल्या संपादनाबद्दल बरंच काही सांगते.

पहिलीच ओळ पाहा. ‘ओपन’ हा शब्द बाकीच्या ओळींपेक्षा ठळक अक्षरांत असे. हे ठळकपण शोभेसाठी नव्हतं. डावं बटण दोनदा दाबलं असतं तर जे घडलं असतं, ती क्रिया ठळक, असा नियम होता. म्हणजे मेन्यू नुसते पर्याय देत नव्हता. हाताने अजाणता केलेल्या एका खुणेचा अर्थही उलगडून दाखवत होता. गाण्याच्या फाइलवर ठळक ओळ ‘प्ले’ असायची. कुणी कुठे समजावून सांगितलं नसतानाही वापरणाऱ्याला हळूहळू कळायचं की या वस्तूशी आपलं पहिलं नातं कोणतं आहे.

शेवटची ओळ तितकीच विचाराने लिहिलेली. वरच्या सगळ्या ओळी फाइलवर काहीतरी करतात: उघडतात, हलवतात, मिटवतात. प्रॉपर्टीज काहीच करत नाही. ती फक्त सांगते की ही फाइल किती मोठी, कधीची, कुठली. कृतीच्या सगळ्या वाटा संपल्यावर ज्ञानाची वाट, म्हणून ती रेघेखाली, एकटी. बाकीच्या रेघाही अशाच अर्थपूर्ण आहेत. कट आणि कॉपी यांना एक कडवं मिळालं, कारण ती दोन्ही अर्धवट वाक्यं आहेत. पेस्ट केल्याशिवाय ती पूर्ण होत नाहीत. डिलीट मात्र क्रिएट शॉर्टकट आणि रिनेम यांच्या मधोमध बसवलेलं होतं, आणि ही त्या रचनेतली मला सर्वांत खटकणारी जागा आहे. नाव बदलायला निघालेल्या हाताला फाइल उडवणारी ओळ इतक्या जवळ असू नये. रीसायकल बिनही त्याच प्रणालीबरोबर आला, म्हणून चूक झाली तरी निभावून जायचं.

याच संहितेला एक धाकटी बहीण होती, आणि ती फार थोड्यांनी पाहिली. फाइल डाव्याऐवजी उजव्या बटणाने उचलून दुसऱ्या जागी सोडली की चार ओळी उमटायच्या: मूव्ह हिअर, कॉपी हिअर, क्रिएट शॉर्टकट हिअर, आणि रेघेखाली कॅन्सल. तीन ओळींत ‘हिअर’ परत परत येतं, कारण प्रश्न जागेचाच असतो. आणि कॅन्सल? मेन्यू नको असेल तर बाहेर कुठेही क्लिक केलं की तो जातो; वेगळी ओळ लिहायची गरज नव्हती. पण इथे माणूस कृतीच्या मधेच अडकलेला असतो, फाइल उचललेली असते आणि अजून टेकलेली नसते. अशा वेळी ‘राहू दे’ म्हणायला एक स्पष्ट जागा हवी, हे ज्याला सुचलं त्याला माणसाचा संकोच कळत होता.

हा सगळा प्रकार आला कुठून, हे थोडक्यात सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात, १९७०च्या दशकात, स्मॉलटॉक नावाची प्रणाली घडत होती. माउस तिथे तीन बटणांचा होता, आणि बाण असेल तिथेच उगवणारा मेन्यू डॅन इंगल्स यांनी त्या प्रणालीत आणला. त्याच केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट ‘जिप्सी’ हा मजकूर-संपादक लिहीत होते. कट-कॉपी-पेस्टची आजची पद्धत त्या कामातून आली. टेस्लर यांचा आग्रह असा की आधी वस्तू निवडायची आणि मग तिचं काय करायचं ते सांगायचं. मराठी वाक्याला हा क्रम परका नाही. आपलंही कर्म आधी येतं आणि क्रियापद शेवटी. ॲपलने मात्र १९८४च्या मॅकिंटॉशला एकच बटण दिलं, कोणतं दाबायचं हा प्रश्नच पडू नये म्हणून. तिथे असा मेन्यू प्रणालीत रुजला तो १९९७मध्ये, मॅक ओएस ८ बरोबर, आणि तोही कंट्रोल कळ दाबून क्लिक केल्यावर.

आता बिघाडाकडे. विंडोज ९५ने आपल्या मेन्यूचं दार बाहेरच्या प्रोग्रामांना उघडं ठेवलं होतं. कुणीही प्रोग्राम बनवावा आणि बसवताना रजिस्ट्रीत नोंद करून राइट क्लिकमध्ये आपली ओळ घालावी. कल्पना उदार होती, आणि सुरुवातीला तिचा फायदाच झाला. फाइल दाबून लहान करण्याची सोय थेट फाइलवरच मिळाली, संशय आला तर तिथल्या तिथे व्हायरसची तपासणी करता आली. पण कोणत्या ओळीने कुठे बसावं, किती जागा घ्यावी, याचा दंडक नव्हता. फाइल दाबणाऱ्या एकेका प्रोग्रामने चार-चार ओळी घेतल्या. गाणी वाजवणाऱ्याने ‘यादीत घाला’ हवं म्हटलं, क्लाउडवाल्याने ‘दुवा पाठवा’ हवं म्हटलं. प्रत्येकाची मागणी एकटी पाहिली तर रास्तच होती. शिवाय यातल्या बऱ्याच ओळींमागचा कोड एक्सप्लोररच्या, म्हणजे विंडोजच्या फाइल-मॅनेजरच्या, पोटातच चालायचा, त्यामुळे एखादी ओळ मंद असेल तर सबंध मेन्यू तिच्यासाठी थांबून राहायचा. दिवाळी अंकाच्या दिवसांत ज्या डीटीपी ऑपरेटरकडे रोज शेकडो फाइली येतात, त्याच्या मशीनवरचा मेन्यू पडद्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत पोहोचलेला असायचा. त्यात त्याला दिवसभर लागणाऱ्या ओळी चार. त्या चार शोधताना त्याच्या डोळ्यांना दर वेळी बाकीच्या सगळ्या ओलांडाव्या लागत.

अकराव्या शतकातल्या काश्मीरचा क्षेमेंद्र इथे आठवतो. औचित्य हाच काव्याचा प्राण आहे, असं त्याने ‘औचित्यविचारचर्चा’मध्ये मांडलं. कमरपट्टा गळ्यात घातला आणि हार कमरेला बांधला तर दोन्ही दागिने अस्सल असूनही हसं होतं, हा त्याचा दाखला. विचार दागिन्याचा नाही, जागेचा आहे. भरून वाहणाऱ्या मेन्यूत वाईट ओळ क्वचितच असते. छायाचित्र फिरवण्याची ओळ उत्तम आहे, छायाचित्रावर. हिशेबाच्या फाइलवर तिचं काय काम? मेन्यू सोपा करायचा म्हणजे ओळी मोजून कापायच्या, असं समजलं जातं, आणि तिथेच गफलत होते. कोणती ओळ कोणत्या वस्तूपुढे, कोणत्या क्षणी शोभते, हे ठरवण्याचं काम खरं अवघड आहे.

मायक्रोसॉफ्टने हे काम हाती घेतलं ते विंडोज ११ मध्ये. ५ ऑक्टोबर २०२१ला ती आली, पण मेन्यू का बदलला याची कारणं कंपनीने त्याच वर्षी जुलैत मांडली होती, आणि ती प्रांजळ होती: मेन्यू वर्षानुवर्षं बेशिस्त वाढला, सगळ्यांत जास्त लागणाऱ्या क्रिया बाणापासून दूर गेल्या, एकत्र हव्या त्या ओळी विखुरल्या, कित्येक ओळी कुणी वापरतच नाही, आणि बाहेरच्या कोडमुळे एक्सप्लोरर अडखळतो. उपायही विचारपूर्वक होते. ‘ओपन’ आणि ‘ओपन विथ’ शेजारी आले. एका प्रोग्रामच्या अनेक ओळी असतील तर त्या त्याच्या नावाच्या एका सबमेन्यूत गेल्या. कट, कॉपी, रिनेम, शेअर, डिलीट यांची एक आडवी पट्टी झाली, आणि ही पट्टी बाणाच्या अगदी लगत असते: मेन्यू खाली उघडला तर ती वर, मेन्यू वर उघडला तर ती खाली. पॉल फिट्स यांनी १९५४मध्ये दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हात तिथे पोहोचायला वेळ लागतो. ती पट्टी या नियमाला धरून आहे.

तरीही ही आवृत्ती मनात भरत नाही. पट्टीवर शब्दच नव्हते, नुसती चित्रं. कात्रीचं चित्र ओळखू येतं, पण एकमेकांवर ठेवलेले दोन कागद, एक बाण, एक अक्षराची चौकट, यांतलं रिनेम कोणतं हे रोज नव्याने आठवावं लागे. जिथे घाईत निर्णय घ्यायचा तिथे शब्द काढून टाकणं ही सोय नव्हे. २०२४च्या आवृत्तीत त्या चित्रांखाली शब्द परत आले, हे बरं झालं. दुसरा दोष जास्त खोल आहे. नव्या मेन्यूच्या तळाशी एक ओळ आहे, ‘शो मोअर ऑप्शन्स’. ती दाबली की जुना मेन्यू जसाच्या तसा उघडतो, जुन्याच क्रमाने. म्हणजे संहितेचं संपादन झालं नाही. जुनी संहिता तशीच ठेवून तिच्यापुढे नवी मांडली गेली. वापरणाऱ्याला आता दोन्ही माहीत हव्यात, शिवाय कोणती ओळ कुठल्या आवृत्तीत आहे हेही माहीत हवं.

क्रमाचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. ऑफिस २००० मध्ये मेन्यू सोपे करण्याचा वेगळा प्रयोग झाला होता. जी ओळ तुम्ही वापरत नाही ती आपोआप लपायची, वापरली की पुढे यायची. कागदावर हे फार शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात मेन्यू रोज वेगळा दिसू लागला आणि लोक वैतागले. कारण आपण मेन्यू वाचतो तो पहिल्या काही वेळाच. नंतर हात जागा ओळखतो. पंगतीत बसलेला माणूस पानाकडे न बघता डावीकडची चटणी बोटाने घेतो, मीठ कुठे असेल हे त्याला शोधावं लागत नाही. वाढप्याने आवडीनिवडी बघून रोज जागा बदलल्या तर जेवणाऱ्याची पंचाईतच व्हायची. औचित्य प्रसंगाप्रमाणे बदलतं, पण त्याची चौकट हलता कामा नये. या दोन गोष्टी एकदम साधायच्या आहेत, आणि म्हणून हे काम कवितेसारखं अवघड आहे.

टेस्लर यांच्या नावावर आणखी एक विचार आहे, गुंतागुंतीच्या अक्षय्यतेचा. कोणत्याही कामात काही गुंतागुंत अंगभूत असते आणि ती नाहीशी करता येत नाही. प्रश्न एवढाच उरतो की ती कुणी सोसायची, प्रोग्राम लिहिणाऱ्याने की वापरणाऱ्याने. ‘शो मोअर ऑप्शन्स’ ही ओळ म्हणजे वापरणाऱ्याच्या पदरात परत टाकलेली गुंतागुंत आहे. ज्या मेन्यूत ती लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलेली मला दिसते, तो डॉल्फिनचा.

डॉल्फिन हा केडीई या मुक्त डेस्कटॉपचा फाइल-मॅनेजर, प्रामुख्याने लिनक्सवर वापरला जाणारा. केडीईची सुरुवात १९९६मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथे शिकणाऱ्या मथियास एट्रिश यांनी केली. केडीईकडे आधी कॉन्करर होता, जो वेबपानंही दाखवायचा आणि फाइलीही सांभाळायचा. पीटर पेन्झ यांनी फाइली सांभाळणं एवढंच काम करणारा डॉल्फिन लिहिला, आणि जानेवारी २००८मध्ये केडीई ४.० बरोबर तो मुख्य फाइल-मॅनेजर झाला. म्हणजे या प्रोग्रामचा जन्मच सोपं करण्यातून झाला. पण केडीईचा वापरणारा वर्ग असा की त्याला सगळं हवं असतं, आणि काही काढलं की तो उघडपणे विरोध करतो. अशा लोकांसाठी साधा मेन्यू लिहायचा म्हणजे प्रत्येक ओळ पुराव्यानिशी राखावी किंवा हलवावी लागते.

डॉल्फिनमध्ये एखाद्या पीडीएफवर राइट क्लिक करा. पहिली ओळ नुसतं ‘उघडा’ म्हणत नाही. ‘ओपन विथ ओक्युलर’ म्हणते. ज्या प्रोग्रामात ती फाइल उघडणार त्याचं नाव घेऊन बोलते. तिच्या खाली ‘ओपन विथ’चा सबमेन्यू, त्यात उरलेले प्रोग्राम. विंडोज ९५च्या ठळक अक्षरांनी जे काम केलं होतं तेच इथे नावाने केलं आहे, आणि मला हे जास्त आवडतं, कारण ठळकपणाचा अर्थ आधी माहीत असावा लागतो. नावाचा लागत नाही.

मग पेस्टची ओळ. एखाद्या फोल्डरवर राइट क्लिक केलं आणि तुम्ही आधी काही कॉपी केलेलं नसेल, तर ही ओळ तिथे नसतेच. तुम्ही एक फाइल कॉपी केली असेल तर ती ‘पेस्ट वन फाइल’ अशी दिसते. फोल्डर असेल तर ‘पेस्ट वन फोल्डर’. पाच गोष्टी असतील तर ‘पेस्ट ५ आयटम्स’. आणि फाइल नसून नुसता मजकूर किंवा चित्र उचललेलं असेल, तर ‘पेस्ट क्लिपबोर्ड कंटेंट्स’, पुढे टिंबं, कारण आता नव्या फाइलला नाव विचारावं लागणार. एका ओळीची ही चार रूपं. क्लिपबोर्ड ही संगणकातली सर्वांत अदृश्य जागा आहे. तिथे काय आहे हे कुणालाच दिसत नाही, आणि तासाभरापूर्वी काय उचललं होतं ते आठवतही नाही. ही ओळ त्या अंधाऱ्या जागेतलं ओझं मोजून सांगते. पाचऐवजी आकडा दोन दिसला, तर तीन फाइली निवडायच्या राहिल्या हे पेस्ट करण्याआधीच कळतं. संहितेत एक ओळही वाढलेली नाही, पण एक संभाव्य घोटाळा टळला. संपूर्ण मेन्यूत मला ही ओळ सर्वांत सुंदर वाटते.

बाहेरून येणाऱ्या ओळींबद्दल डॉल्फिनचा नियम पाहण्यासारखा आहे. इथेही दार उघडंच आहे. छोटीशी मजकूर-फाइल ठराविक फोल्डरमध्ये ठेवली की तुमची स्वतःची क्रिया राइट क्लिकमध्ये येते. पण अशा ओळी तीनपर्यंत असतील तरच त्या थेट मेन्यूत बसतात. तीनाहून जास्त झाल्या की त्या सगळ्या ‘ॲक्शन्स’ नावाच्या सबमेन्यूत जातात. एखाद्या ओळीला वर बसायचा खास अधिकार देता येतो, पण तो मागून घ्यावा लागतो. आपोआप मिळत नाही. विंडोजमध्ये वर्षानुवर्षं जे झालं ते इथे या एका आकड्याने थोपवलं आहे. तीनच का, चार का नाहीत, याला शास्त्राचा आधार असेलच असं नाही. पण कवीही कडवं चार ओळींचंच का हे सिद्ध करत बसत नाही. तो एक मर्यादा मानतो आणि तिच्यामुळे रचना उभी राहते.

‘मूव्ह टू ट्रॅश’ ही ओळ तर जिवंत आहे असंच म्हणावंसं वाटतं. मेन्यू उघडा असताना शिफ्ट कळ दाबून धरा. डोळ्यांदेखत त्या ओळीचं ‘डिलीट’ होतं. कळ सोडा, पुन्हा ‘मूव्ह टू ट्रॅश’. फाइल केराच्या टोपलीत टाकणं आणि कायमची मिटवणं या दोन वेगळ्या कृती आहेत, पण नवशिक्याच्या डोळ्यांपुढे दोन्ही ओळी कायम ठेवल्या तर एक ना एक दिवस तो चुकीची निवडणार. म्हणून धोक्याची ओळ झाकली आहे, मात्र दूर कुठल्या तरी कोपऱ्यात नेलेली नाही. तिच्या सौम्य बहिणीच्याच जागी ती उभी राहते. ज्याला हवी आहे त्याच्या हाताला जागा बदलावी लागत नाही. आणि टोपलीत टाकताना डॉल्फिन मुळात काही विचारत नाही, कारण ते परत आणता येतं. कायमचं मिटवताना मात्र विचारतो. केडीईचे लोक आपल्या डेस्कटॉपबद्दल म्हणतात की तो एरवी साधा असावा आणि गरज पडेल तेव्हा समर्थ. या एका ओळीत ते जितकं नेमकं उतरलं आहे तितकं मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

झिप फाइलवर ‘एक्सट्रॅक्ट’ दिसतं, चिठ्ठीवर दिसत नाही. फोल्डरवर ‘ओपन इन न्यू टॅब’ दिसतं, चित्रावर दिसत नाही. हे आता बहुतेक फाइल-मॅनेजर करतात, त्यावर फार थांबायला नको.

पण जी ओळ दिसत नाही तिच्याबद्दल एक अडचण उरतेच. ओळ गैरहजर असली की ती का गैरहजर आहे हे सांगायलाही कुणी नसतं. ग्नोम डेस्कटॉपचा फाइल-मॅनेजर याचं उत्तम उदाहरण आहे. साधेपणाच्या बाबतीत तो डॉल्फिनपेक्षा कितीतरी कठोर, आणि त्याच्या मेन्यूचं मोजकेपण पाहताना बरं वाटतं. पण रिकाम्या जागी राइट क्लिक केल्यावर ‘न्यू डॉक्युमेंट’ ही ओळ तुमच्या ‘टेम्प्लेट्स’ फोल्डरमध्ये निदान एक फाइल असेल तरच दिसते. फोल्डर रिकामं, तर ओळ गायब. ज्याला ही अट माहीत नाही त्याला वाटतं की इथे नवी फाइल करताच येत नाही, आणि तसं वाटण्यात त्याची काही चूक नाही. इथलं मौन बोलकं नाही, मुकं आहे. ज्या ओळीची अट वापरणाऱ्याच्या नुकत्याच केलेल्या कृतीत दडलेली असते, जसं की मी काही कॉपी केलं की नाही, तिचं लपणं तो समजू शकतो. जिची अट त्याने कधी उघडूनही न पाहिलेल्या फोल्डरात दडली आहे, तिचं लपणं त्याला समजणार कसं?

ॲपलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याबद्दल एक भूमिका आहे. राइट क्लिकच्या मेन्यूत जी ओळ लागू नाही ती फिकी करू नका, काढूनच टाका. मात्र कट, कॉपी, पेस्ट यांना अपवाद ठेवा, ती फिकी दिसली तरी चालतील. आणि या मेन्यूत जे आहे ते सगळं मुख्य मेन्यूतही कुठेतरी असू द्या. शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते. राइट क्लिकचा मेन्यू मोजकाच बोलू शकतो, कारण सविस्तर बोलायला दुसरी जागा राखून ठेवलेली असते. हाताच्या दुखण्यामुळे किंवा दृष्टी कमी असल्यामुळे ज्यांना उजवं बटण दाबून तिथल्या तिथे ओळ पकडणं जमत नाही, त्यांच्यासाठी ही दुसरी जागा चैन नव्हे, गरज आहे. टचपॅडवर दोन बोटांनी क्लिक करावं लागतं हे न सांगितल्यामुळे वर्षभर राइट क्लिकच न सापडलेली माणसंही काही कमी नाहीत.

डॉल्फिनमध्ये सेटिंग्जच्या एका पानावर मेन्यूतल्या बऱ्याच ओळींची यादी असते आणि प्रत्येकीपुढे टिकचा चौकोन. ‘डुप्लिकेट’ नको, काढा. ‘कॉपी लोकेशन’ लागतं, ठेवा. संपादक म्हणून मी इथे थोडा साशंक आहे. ज्याने रचना केली त्याने काही निर्णय ठामपणे घ्यावेत. सगळंच वाचकावर सोपवलं तर लेखकाचं काय राहिलं? पण या पानावर ओळींचा क्रम बदलता येत नाही, फक्त त्या दाखवता किंवा लपवता येतात. म्हणजे कडव्यांची चौकट लिहिणाऱ्यांच्याच हातात राहिली आणि वापरणाऱ्याला गाळण्याचा हक्क मिळाला. ही वाटणी मला पटते.

लपवणं आणि फिकं करणं यांतला फरक डॉल्फिनला कळतो, याचा पुरावा त्याच्या केराच्या टोपलीत आहे. टोपलीतल्या एखाद्या फाइलवर राइट क्लिक केलं की मेन्यूचा सूर बदलतो. इथे ‘ओपन विथ’ नाही, ‘रिनेम’ नाही, दाबून लहान करणं नाही. टाकून दिलेल्या वस्तूचं नाव कोण बदलणार? वर असतं ‘रिस्टोअर’, म्हणजे जिथून आली तिथे परत पाठवणं, आणि खाली कायमचं मिटवणं. टोपलीतल्या रिकाम्या जागेवर राइट क्लिक केलं तर ‘एम्प्टी ट्रॅश’ मिळतं. आणि टोपलीत काहीच नसेल तर? पेस्टच्या ओळीसारखी ही ओळ निघून जात नाही. ती तिथेच राहते, फिक्या अक्षरांत, दाबता न येणारी. कारण इथे तिच्या नसण्याने गोंधळ उडाला असता. टोपली रिकामी करण्याची सोय कुठे गेली, असा प्रश्न पडला असता. फिकी असल्यामुळे ती क्रिया करत नाही, पण एक बातमी देते की इथे टाकून देण्याजोगं काही उरलेलं नाही.